दुसऱ्या शनिवारची बैठक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. गावच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही बाहेरदेशच्या कविता, कथा-कादंबऱ्या आणि लेख वाचतो. वाचनालय माझ्याकडे असल्यामुळे पिठाच्या गिरणीपासून बँकेच्या रांगेपर्यंत लोक मलाच गाठतात आणि तेच तेच विचारतात. म्हणून एकदाचं लिहून काढलं.

बैठकीत नेमकं काय करता?

एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. कोणी मध्येच थांबवतं, अर्थ विचारतं, वाद होतो, मग वाचन पुढे सरकतं. श्रावणात ज्याने देवळात पोथी ऐकली आहे त्याला ही पद्धत शिकवावी लागत नाही. पोथी सांगणारा ओवी म्हणतो आणि मग ‘म्हणजे काय, तर…’ करून अर्थ सांगतो. आम्ही तेच करतो, फक्त पोथी पोलंडची किंवा कोरियाची असते. फरक एवढाच की इथे अर्थ सांगणारा एकटा नसतो. कधी पाच असतात आणि पाचही एकाच वेळी बोलतात.

“आमाले इंग्रजी येत नाई. मंग आमी येऊन काय करावं?”

यायचं. इंग्रजी पुस्तक सलग वाचू शकतील असे आमच्यात तीन-चार जण आहेत, आणि त्यात मी अर्धी.

मोठे लेखक म्हणजे इंग्रजीतले, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. अलीकडचं साहित्याचं नोबेल बघा. 2022 ला ॲनी एर्नो, फ्रेंच. 2023 ला युन फोसे, नॉर्वेजियन. 2024 ला हान कांग, कोरियन. 2025 ला लास्लो क्रास्नाहोरकाई, हंगेरियन. चौघांतलं एकही आपली पुस्तकं इंग्रजीत लिहीत नाही. इंग्रजी हे आपल्या बडनेऱ्यासारखं जंक्शन आहे. गाडी बदलायला उतरायचं, मुक्काम ठोकायचा नाही.

शिवाय आपल्या भागाला एक जास्तीची सोय आहे, ती म्हणजे हिंदी. 1956 पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होती, त्याचं आणखी काही उरलं असो नसो, घराघरात हिंदी उरली. गीतांजली श्री यांच्या ‘रेत समाधि’ला 2022 मध्ये इंटरनॅशनल बुकर मिळालं ते डेझी रॉकवेल यांच्या इंग्रजी भाषांतरामुळे. आम्ही मात्र ती कादंबरी मूळ हिंदीतच वाचायला घेतली. सगळ्या जगाला जी भाषांतरातून वाचावी लागते ती आपल्याला सरळ कळते म्हटल्यावर त्या दिवशी सगळ्यांच्या माना जरा ताठ होत्या. कादंबरी पूर्ण झाली नाही हा भाग वेगळा, सोयाबीन काढायला आलं.

मराठीतही काही कमी नाही. पु. ल. देशपांड्यांनी हेमिंग्वेचा म्हातारा कोळी ‘एका कोळियाने’मधून कधीच आणून ठेवला आहे. पुण्याहून निघणारं ‘केल्याने भाषांतर’ हे नियतकालिक तर परक्या भाषांतलं साहित्य इंग्रजीच्या वाटेने न जाता थेट मराठीत आणत आलं आहे. जुने अंक कुठे दिसले तर सोडू नका.

वाचता कोणत्या मराठीत? वऱ्हाडीत वाचलं तर हसू होत नाही का?

सुरुवातीला झालं. ह्या प्रश्नावर मला जरा जास्त बोलायचं आहे.

पहिलं वर्ष आम्ही शुद्ध पुस्तकी मराठीत वाचलं. शाळा तपासायला साहेब आल्यासारखे सगळे ताठ बसायचे, मान डोलवायचे आणि नऊ वाजता सुटल्यासारखे पळायचे. एकदा एक कथा वाचत होतो. नायिका परदेशी, शेतमजूर, आणि मराठीत मात्र ती ‘मला क्षुधा जाणवत आहे’ असलं काहीतरी बोलत होती. मागे बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, “हे बाई अशी काहून बोलते? वावरात जाते ना थे?” तेव्हापासून आम्ही आधी छापील मजकूर वाचतो आणि मग कोणीतरी तो आपल्या बोलीत सांगतं. मावशींच्या बोलीत त्या बाईला भूक लागली, आणि कथाही कळली.

यात आपण काही खालच्या पायरीवर उतरतो असं मानू नका. युन फोसे यांचंच घ्या. नॉर्वेत लिहायच्या रीतसर दोन भाषा आहेत, बोकमॉल आणि नीनॉर्स्क. शहरांत आणि मोठ्या वर्तमानपत्रांत चालते ती बहुतेक बोकमॉल. नीनॉर्स्क उभी राहिली खेड्यांतल्या बोलींतून. एकोणिसाव्या शतकात इवार ओसेन नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाने गावोगाव फिरून लोकांच्या तोंडचे शब्द गोळा केले, त्यांचं व्याकरण केलं, शब्दकोश केला. आजही ती लिहिणारे देशात थोडेच. फोसे लिहितात ती हीच.

केनियाच्या न्गुगी वा थिओंगो यांची गोष्ट याहून तिखट. इंग्रजी कादंबऱ्यांनी नाव झालेलं होतं. मग 1977 मध्ये कामिरीथू गावातल्या शेतकरी-कामकरी लोकांसोबत त्यांनी गिकूयू या आपल्या मातृभाषेत नाटक उभं केलं, आणि वर्ष सरता सरता सरकारने त्यांना तुरुंगात टाकलं. इतके दिवस इंग्रजीत लिहीत होते तेव्हा ही वेळ आली नव्हती. तुरुंगात त्यांनी गिकूयूत कादंबरी लिहिली, ती संडासात वापरायच्या कागदावर. पुढे कथा-कादंबऱ्यांसाठी त्यांनी गिकूयूच धरली. 2025 च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा आम्ही पुढच्या महिन्याचं ठरलेलं बाजूला ठेवून त्यांच्यावरच बोललो. बारावीतल्या एका पोट्ट्याने विचारलं, “मॅडम, वऱ्हाडीत लिहिलं तर आपल्याले कोनी पकडन काय?” मी म्हटलं, पकडणार नाही, परीक्षेत मार्क कापतील.

उद्धव शेळके यांनी ‘धग’ लिहिली 1960 मध्ये, तिच्यातली माणसं वऱ्हाडीत बोलतात आणि वाचताना कोणाला हसू येत नाही. भुजंग मेश्राम आपल्याच जिल्ह्यातले, त्यांच्या कवितेत आदिवासी बोलींचे शब्द मराठीला खेटून बसतात. म्हणजे वाट आधीच पडलेली आहे. टीव्हीवर वऱ्हाडी बोलणारा म्हणजे गंमत करायला आणलेला, अशी सवय आपली आपणच लावून घेतली आहे.

सगळंच वऱ्हाडीत बसतं असंही नाही. ॲनी एर्नो यांचे आईवडील नॉर्मंडीतल्या इव्हतो गावात किराण्याचं दुकान आणि कॅफे चालवायचे. त्याबद्दल त्या इतक्या सपाट, कोरड्या वाक्यांत लिहितात की आमच्या बोलीचा ठसका लागला की सगळं बिघडतं. वडिलांच्या मरणाचं वाक्य एकाने वऱ्हाडीत सांगितलं आणि दोघे फिसकन हसले. आम्ही तिथेच थांबलो आणि छापील मराठीच ठेवली. दुकानदाराची एक मुलगी येते बैठकीला. ती म्हणाली, “बाबा गिऱ्हाइकासमोर एक बोलतात आणि आत येऊन एक. या बाईनं ते बरोबर पकडलं.” यावर आणखी काही बोलायची गरज पडली नाही.

शब्दांची अडचण मात्र रोजची आहे. कोरियन कथेत बर्फ पडतो. आपल्याकडे आभाळातून पडतात त्या गारा, त्याही उभा गहू झोपवायला. ‘बर्फ’ म्हटलं की लोकांसमोर लग्नातली लादी उभी राहते. शेवटी एका मुलाने तोड काढली : “आवाज न करता पडनारी गार.” यापेक्षा बरं मला अजून सुचलेलं नाही. उलटही होतं. आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. एका कथेत मी ‘वरून सांबार घातला’ असं सांगितलं, तर पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना वाटलं इटलीतले लोक इडली खातात.

कविता समजलीच नाही तर?

न समजली म्हणून सांगायचं. विस्वावा शिम्बोर्स्का या पोलिश कवयित्रीला 1996 ला नोबेल मिळालं. तेव्हाचं तिचं भाषणच ‘मला माहीत नाही’ या तीन शब्दांभोवती फिरतं. कवीचं कामच या तीन शब्दांवर चालतं असं तिचं म्हणणं. नोबेलवाल्यांच्या संकेतस्थळावर ते भाषण फुकट वाचायला मिळतं.

तिची कांद्यावर एक कविता आहे. सार असं की कांदा आतबाहेर कांदाच, सोलत गेलं तरी कांदाच निघतो, पोटात काही लपवलेलं नाही. माणसाच्या कातडीखाली मात्र आतडी, शिरा, बघायची भीती वाटावी असं सगळं. वाचून झालं तशी शांतता पसरली. मग लग्नाच्या स्वयंपाकात आचाऱ्याच्या हाताखाली जाणाऱ्या, एका बसणीत दोन पोती कांदा चिरणाऱ्या आमच्या एक काकू म्हणाल्या, “थे बाई कांदा घरात ठेवूनच पाह्यली नसन. आषाढात आतून कोंब निघते. आत कांदाच रायते हे कोनं सांगतलं?”

अर्धा तास त्यावर गेला. कोंब हाही कांदाच, असं एका मास्तरांचं मत पडलं. काकूंनी ते मानलं नाही. पुढच्या वेळी त्या कोंब फुटलेला कांदा पदरात बांधून घेऊन आल्या आणि टेबलावर ठेवला. समीक्षा म्हणजे दुसरं काय असतं मला ठाऊक नाही.

“असल्या कादंबऱ्या बायांसमोर वाचता?”

हा प्रश्न पुरुषच विचारतात. रोख बहुतेक हान कांग यांच्या ‘द व्हेजिटेरियन’वर असतो. कोरियनमध्ये 2007 ची, डेबोरा स्मिथ यांचं इंग्रजी भाषांतर आल्यावर 2016 ला लेखिका आणि भाषांतरकार दोघींना मिळून इंटरनॅशनल बुकर मिळालं.

एक साधी संसारी बाई एक दिवस मटण-मासळी सोडते. का, तर स्वप्न पडलं. नवरा चिडतो, माहेरचे येतात, आणि भर जेवणात बाप तिच्या तोंडात मटण कोंबतो. गोष्ट तीन भागांत आहे, नवरा, बहिणीचा नवरा आणि बहीण यांच्या बाजूने. ती स्वतः फारशी बोलत नाही, मधूनमधून स्वप्नं तेवढी तिची.

मला वाटलं होतं लोकांना हे परकं वाटेल. झालं उलटंच. “माळ घातली असती त कोनी काई म्हनलं नसतं,” एक आजी म्हणाल्या. बरोबरच आहे. आपल्याकडे एखाद्या बाईने पंढरीची माळ घातली की सासूसुद्धा तिचं भांडं वेगळं ठेवते, उलट मान देते. आजींची सून त्यांच्या शेजारीच बसली होती, सहसा तोंड न उघडणारी. ती म्हणाली, “देवाचं नाव सांगतलं असतं त चाललं असतं. थिनं सपनाचं सांगतलं. बाईचं सपन कोनाले पटते?” त्यानंतर बराच वेळ कोणी मटणावर बोललं नाही. पुढचे काही प्रसंग उघडेवाघडे आहेत, ते मी आधी सांगितले, ज्यांना जायचं ते जाऊ शकतात असंही सांगितलं. उठले दोघे. दोघेही पुरुष.

या भाषांतरावरून पुढे बराच गदारोळ झाला, तोही आम्ही वाचला. भाषांतर करणाऱ्या बाई कोरियन शिकून थोडीच वर्षं झाली होती, ‘पाय’ आणि ‘हात’ यांचे सारखे वाटणारे शब्द उलटसुलट झाले, मूळची साधी शैली नटवली गेली, असे आक्षेप होते. पण तेच भाषांतर नसतं तर कादंबरीतली ती बाई आमच्या वाचनालयात आलीच नसती. दोन्ही खरं आहे.

मोबाईलवर भाषांतर करून घेतलं तर?

घ्या, पण माझ्यासारखं आंधळेपणाने घेऊ नका. घाईत मी एक कोरियन कविता फोनवर टाकली आणि इंग्रजीमार्गे मराठी करून सरळ वाचून दाखवली. कवितेतला करकोचा वाटेत कुठेतरी क्रेन झाला होता, इंग्रजीत पक्ष्याला आणि यंत्राला एकच शब्द. मला संशय आला नाही, लोकांनाही नाही. कारंज्याकडून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचं काम ज्यांनी पाहिलं होतं त्यांनी संध्याकाळच्या उजेडात एकटी उभी असलेली क्रेन, तिची लांब मान, काम संपल्यावरचं तिचं ओकंबोकं दिसणं, असं काय काय सांगितलं. घरी जाऊन ताडून पाहिलं तेव्हा शरमेने मेले. पुढच्या वेळी चूक कबूल केली, तर एक ट्रॅक्टरवाले भाऊ म्हणाले, “क्रेनच बरी होती.”

सांस्कृतिक निबंध म्हणजे नक्की काय? तो कशाला ऐकायचा?

मराठीतल्या ललित लेखाचा धाकटा, जरा भांडकुदळ भाऊ समजा. कथा नाही, बातमी नाही, प्रबंधही नाही. एखादा माणूस एखादी गोष्ट बराच वेळ बघतो आणि तिच्याबद्दल विचार करत करत बोलतो. आमच्याकडे सगळ्यात जास्त रमतात ते जॉन बर्जर यांच्या लेखांत. लंडनचे कलासमीक्षक, 1972 ला बुकर मिळालं तर अर्धे पैसे कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर चळवळीला देऊन टाकले, आणि पुढे फ्रान्सच्या आल्प्समधल्या डोंगरी खेड्यात राहायला गेले. तिथल्या शेतकऱ्यांसोबत गवत कापलं, गुरं पाहिली आणि त्यांच्यावर लिहिलं. शेतकरी टिकून राहतो कसा, यावर त्यांचं लिखाण ऐकताना आमचे एक म्हातारे शेतकरी सारखे “हौ, हौ” करत होते. शेवटी म्हणाले, “यानं कर्ज काढलं नव्हतं, तेवढं सोडून सगळं बरोबर.”

दुसऱ्या आहेत बेलारूसच्या स्वेतलाना अलेक्सिएविच, 2015 च्या नोबेलच्या. त्या माणसांशी बोलतात आणि त्यांच्या बोलण्यातूनच पुस्तक विणतात. 1986 च्या चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेवरचं त्यांचं पुस्तक आम्ही तीन शनिवार वाचलं. आमच्या जिल्ह्याला त्यात काही नवीन नव्हतं. इथेही कॅमेरे आले, वह्या आल्या, विधवा बायांच्या ओसरीवर बसून प्रश्न विचारून गेले. अशाच एका घरातल्या ताई येतात बैठकीला. त्यांचं एकच म्हणणं होतं : “या बाईनं लोकाईले पूर्न बोलू देल्लं. आमाले दोन मिनिटं भेटली.”

राजकारण येतं का मध्ये?

येतं. कसं टाळणार? पॅलेस्टिनी कवी महमूद दरवीश यांचा जन्म 1941 चा, गालीलमधल्या अल-बिरवा गावातला. 1948 च्या युद्धात घर सोडून लेबनॉनला पळाले, वर्षभराने लपतछपत परतले तर गाव जमीनदोस्त. इस्रायलच्या कायद्याने अशा लोकांना नाव दिलं ‘हजर-गैरहजर’. माणूस देशात आहे, पण कागदावर नाही. बेंबळा प्रकल्पात गाव गेलेले एक काका आमच्याकडे असतात. एरवी कवितेच्या दिवशी ते डुलक्या घेतात. त्या दिवशी हा शब्द दोनदा म्हणायला लावला आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला.

पक्षाचं भांडण निघालं तर मात्र मी चहा मागवते. चहा आला की ते मिटतं.

बक्षीस मिळालेलीच पुस्तकं का?

कारण ती मिळतात, बाकीची मिळत नाहीत. इतकं साधं आहे. पण इंटरनॅशनल बुकरची एक रीत मला आवडते. पन्नास हजार पौंडांचं बक्षीस लेखक आणि भाषांतरकार यांच्यात निम्मं-निम्मं वाटलं जातं. आपल्याकडे भाषांतरकाराचं नाव मुखपृष्ठावर आलं तरी पेढे वाटावे लागतात. 2025 ला ते बानू मुश्ताक यांच्या ‘हार्ट लॅम्प’ला मिळालं. कर्नाटकातल्या हासनच्या वकील बाई, कन्नड कथा, दीपा भास्ती यांचं इंग्रजी. कथासंग्रहाला ते पहिल्यांदाच मिळालं. दीपाबाईंनी कन्नड, उर्दू शब्द तसेच ठेवले, ना तिरपी अक्षरं, ना तळटीपा. ज्याला कळत नाही त्याने विचारावं. आमचा सांबारही आता असाच राहणार.

पुस्तकं आणता कुठून?

काही वाचनालयाची, काही जिल्ह्याच्या ठिकाणाहून, काही मुलं-मुली नागपूर-पुण्याहून सुट्टीत येताना आणतात. ‘वर्ड्स विदाउट बॉर्डर्स’ हे 2003 पासून चालणारं नियतकालिक जगभरची भाषांतरं इंटरनेटवर फुकट देतं, ते फोनवर वाचून मी वहीत उतरवते. आमच्यासारख्या वाचनालयाला सरकारी अनुदान वर्गाप्रमाणे मिळतं, अ, ब, क, ड. आमचा वर्ग कोणता हे तुम्ही ओळखलं असेलच.

आम्ही केलेल्या भाषांतरांची पुस्तिका छापायची आहे. चालेल?

परवानगीशिवाय नाही. आपल्या कायद्याप्रमाणे लेखक गेल्यानंतर साठ वर्षं हक्क राहतो आणि भाषांतराचा हक्क त्यातच येतो. शिम्बोर्स्का 2012 ला गेल्या, म्हणजे 2072 सरेपर्यंत थांबा, नाहीतर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांना पत्र लिहा. आम्ही एकदा लिहिलं आहे. उत्तर आलं की इथे घालेन. तोवर वही वाचनालयात बसून बघता येते, फोटो काढू नका.

आपलं सोडून बाहेरचं कशाला?

आपलं सोडत नाही. पहिल्या शनिवारी आपलंच वाचतो, त्याला तुम्ही येत नाही.

वेळ, पैसे, पोरंबाळं?

संध्याकाळी सात ते नऊ. पैसे नाहीत. चहाची पाळी आळीपाळीने. पोरं आणली तर चालतात, झोपली तर सतरंजी आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत बैठक आठला सुरू होते आणि रात्रपाळीची वीज असली की पाणी द्यायला जाणारे मधूनच उठतात, त्याचा राग कोणी धरत नाही.

पुढच्या वेळी काय आहे?

बानू मुश्ताक यांची एक कथा, आणि क्रास्नाहोरकाई यांचं एक वाक्य. हो, एकच. त्यांची वाक्यं पानंच्या पानं चालतात, पूर्णविराम लवकर सापडत नाही. वाचायला भजनी मंडळातले भाऊ बसवले आहेत, त्यांचा दम मोठा आहे. लाईट जातेच, टॉर्च आणा.